कल्याण बंदर, रोमचा बाजार आणि घाटावरची गावं

(शीळफाटा इथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकायला लांबचा वाटतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन साम्राज्य कुठे आणि आपला शीळफाटा कुठे! तर आधी संबंध सांगतो, मग विषयाकडे वळतो.

हा फाटा म्हणजे काय? कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता आणि महापेचा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. न्हावा-शेवा बंदरातून निघालेला कंटेनर कळंबोलीवरून इथे येतो आणि मुंब्रा बायपासने पुढे भिवंडी, नाशिककडे जातो. रात्रंदिवस माल चाललेला असतो. तो माल कुठून येतो आणि कुठे जातो, हे आपण विचारतो. पण जाता जाता इथे काय ठेवून जातो, हे फारसं कुणी विचारत नाही.

हाच प्रश्न या परिसरात एकदा येऊन गेलेला आहे. तेव्हा बंदरं होती कल्याण आणि सोपारा. सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात श्रीमंत गिऱ्हाईक होतं रोम. त्या गिऱ्हाइकामुळे आपली शहरं वाढली का, आणि शहरं वाढली तेव्हा मागच्या मुलखाला, म्हणजे घाटावरच्या गावांना आणि खाली कोकणातल्या शेतकऱ्याला काय मिळालं, एवढंच आज बघायचंय.

गिऱ्हाईक किती मोठं होतं?

इ.स.पूर्व ३० मध्ये ऑगस्टसने इजिप्त घेतलं आणि तांबड्या समुद्राची बंदरं रोमच्या हातात आली. रोम शहराची वस्ती त्या काळात दहा लाखांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. अशा शहराला धान्य लागतं, तेल लागतं, आणि पैसेवाल्यांना मिरे, मलमल, रत्नं, हस्तिदंत लागतं. स्ट्रॅबो नावाचा भूगोलकार सांगतो की तांबड्या समुद्रावरच्या एकाच बंदरातून वर्षाला १२० पर्यंत जहाजं भारताकडे सुटायची. पावसाळी वाऱ्यावर यायचं, वारा फिरला की परत जायचं.

पुढे इ.स.च्या पहिल्या शतकात प्लिनी तक्रार करतो, की भारत दरवर्षी आपल्याकडून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स हे रोमचं नाणं. आकडा मोठा वाटतो, पण किती मोठा? त्या काळात रोमच्या साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. भागून बघा. सुमारे ५५ हजार सैनिकांचा वर्षाचा पगार! प्लिनीने रागाच्या भरात आकडा फुगवला असेल, असं मानलं तरी रक्कम लहान राहत नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. हा आकडा सगळ्या भारताचा आहे, आणि रोमची सर्वांत मोठी ओढ होती मिऱ्याची. मिरे केरळातल्या मुझिरिस बंदरातून जायचे. आपल्या बाजूने जायचं ते मुख्यतः कापड आणि अकीकासारखे दगड. म्हणजे आपल्याकडचा माल जमिनीतून नुसता उपटून किंवा झाडावरून तोडून द्यायचा नव्हता, त्याला हात लागायचा होता. कापूस वेचायचा, सूत कातायचं, विणायचं, रंगवायचं. दगडाचे मणी घासायचे, भोकं पाडायची. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

माल यायचा कुठून?

याच काळात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने खलाशी आणि व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, कुठे धोका आहे, अशी रोखठोक माहिती त्यात आहे. त्यात आपली सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं ओळीने येतात. आतल्या मुलखातली दोन शहरं तो खास सांगतो. एक पैठण, जिथून अकीकाचे दगड यायचे. दुसरं तगर, जिथून साधं आणि तलम कापड यायचं. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर.

तेरला आज रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मुद्दाम जाऊन बघा. तशीच घडण असलेली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती.

आता हा माल घाटावरून खाली कसा यायचा? सह्याद्री आडवा उभा आहे. वाटा मोजक्याच. जुन्नरकडून नाणेघाट, कार्ल्याकडून बोरघाट, नाशिककडून थळघाट. या तिन्ही वाटांचा कोकणातला उतार उल्हास नदीच्या खोऱ्याकडे येतो, किंवा त्याच्या जवळपास. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते, आणि त्या खाडीच्या तोंडाजवळ सोपारा. निसर्गानेच आखून दिलेली रांग म्हणा ना!

याच वाटांवर लेणी आहेत. खाली कोंडाणे, वर कार्ले, भाजे, बेडसे. नाणेघाटाच्या वर जुन्नर, नाशिकला पांडवलेणी, आणि बंदरांच्या मधोमध कान्हेरी. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी घाटवाटा पायी तुडवून हा संबंध दाखवून दिला, की विहार एकांतात असले तरी व्यापाराच्या वाटेला लागून आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं परंपरेने सांगतात. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या हजारो गायींचे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. कार्षापण म्हणजे तेव्हाचं चलन. घाटावर ज्याचा ताबा, त्याच्याकडे पैसा. सरळ हिशेब.

पण रोम आलं म्हणून ही शहरं जन्माला आली, असं समजू नका. सोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडलेत, म्हणजे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातच ते महत्त्वाचं ठिकाण होतं. पैठणही जुनंच. रोमच्या मागणीने या शहरांना जोर दिला, पाया आधीपासून होता.

शहर वाढलं की कोण कोण वाढतं?

या भागाच्या अर्थकारणाची सर्वांत चांगली वही म्हणजे लेण्यांमधले दानलेख. कुणी खांब दिला, कुणी पाण्याची टाकी, कुणी दरवाजा. देणारा आपलं गाव आणि धंदा सांगतो. कान्हेरीला कल्याणचे व्यापारी भेटतात, कल्याणचा सोनार भेटतो, लोहार भेटतो. कार्ल्याला सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि सुतार. राजा-राणी नाही हो, लोहार! दगडात टाकी कोरून द्यावी इतकी शिल्लक लोहाराच्या गाठीला होती. शहरवाढीचा याहून साधा पुरावा मला तरी माहीत नाही.

जुन्नरला तर धंदेवाल्यांचे संघच लेखांत येतात. त्यांना श्रेणी म्हणत. कासारांची श्रेणी, बुरुडांची श्रेणी, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी. धान्यवाल्यांच्या श्रेणीने तिथे सात खोल्यांचं लेणं आणि टाकी दिली. आता धान्याचा आणि रोमचा संबंध काय? थेट काहीच नाही. जुन्नरचं धान्य रोमला गेलं नाही. पण विणकर, मणी घासणारा, बैल हाकणारा, हे सगळे दिवसभर दुसरं काम करतात, शेत करत नाहीत. त्यांना धान्य विकत घ्यावं लागतं. म्हणजे निर्यातीच्या एका गाठोड्यामागे गावातल्या ज्वारी-तांदळाला गिऱ्हाईक उभं राहतं. परदेशी पैसा आतल्या मुलखात झिरपतो तो या रस्त्याने.

आता पैशाकडे या. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण दिले, पण भिक्षूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळचं तेव्हाचं गाव, तिथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० एकीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

हिशेब करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात लिहिलंय की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. २० गुणिले १२ बरोबर २४०. पैसा न पैसा जुळतो! आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे शहराच्या सभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवला आहे.

याचा अर्थ बघा. विणकरांच्या हातात कायमचं भांडवल आलं. त्यातून कापूस आगाऊ घेता येतो, गिऱ्हाइकाची वाट बघत माल ठेवता येतो. लोकांचा विश्वास असा, की ही श्रेणी पिढ्यान् पिढ्या व्याज देत राहील. पुढे तिसऱ्या शतकातल्या आभीर राजाच्या काळातल्या लेखात नाशिकलाच कुंभारांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवलेली दिसते, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. म्हणजे रिवाज टिकला. माझ्या मते रोमकाळाने आपल्या मुलखाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट सोन्याची नाणी नव्हती. कारागिराला पत मिळाली, ही होती.

बंदर बंद पाडलं जातं

आता गोष्टीला वळण लागतं. पेरिप्लसचा लेखक सांगतो, की थोरल्या सारगनेसच्या काळात, म्हणजे कुणा सातवाहन राजाच्या काळात, कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण ते संदनेस नावाच्या राजाच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार अडवला गेला. एखादं ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. हा संदनेस कोण यावर अभ्यासक भांडतात. फायदा कुणाचा झाला ते मात्र उघड आहे. भडोचचा, आणि तिथे राज्य नहपानाचं.

परिणाम काय? पैठणचा माल भडोचला जायला २० दिवस लागायचे. तगर पैठणच्याही पूर्वेला १० दिवसांवर. हा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून जायचा, असं पेरिप्लसच सांगतं. नकाशा डोळ्यांपुढे आणा. पैठणहून कल्याण जवळ, भडोच लांब. जास्तीचे दिवस, जास्तीची वैरण, जास्तीची जकात. हा खर्च कुणाच्या माथी बसणार? भडोचच्या व्यापाऱ्याला विकायचा भाव ठरलेला. मग कापला जाणार तो तेरच्या विणकराचा आणि कापूसवाल्या शेतकऱ्याचा भाव. राजकारणाने बंदर हलवलं की बिल शेवटी सर्वांत आतल्या गावाला येतं.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नवीन नाणी पाडत बसला नाही. चालू पैसा, फक्त शिक्का नवा. बाजार थांबू द्यायचा नव्हता.

कान्हेरीचे बहुतेक कल्याणकर दाते दुसऱ्या शतकातले मानले जातात. म्हणजे बंदर अडवलं गेलं त्याच्या नंतरचे. बंदर हलवता येतं, पण सोनाराचा आणि लोहाराचा हात हलवता येत नाही. जहाजं परत आली तेव्हा कल्याणमध्ये माल करणारे, माल विकणारे आणि उसनं देणारे जागेवर होते.

गावाची बाजू

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण दानलेखांची वही शहरवाल्यांनी लिहिलेली आहे. गावाची बाजू त्यात आडून वाचावी लागते.

नाशिकलाच गौतमीपुत्राचा २४व्या वर्षाचा लेख आहे. भिक्षूंना आधी एका गावातलं शेत दिलं होतं. आता राजा म्हणतो, की ते शेत कुणी कसत नाही, गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून शहराच्या शिवेवरची १०० निवर्तनं सरकारी जमीन त्यांना द्या. निवर्तन हे जमिनीचं माप. कारण लेखात दिलेलं नाही. पण आधीची वर्षं युद्धाची होती, आणि मोलाचा मुलूख म्हणजे लढायांचा मुलूख. भिक्षूंना बदली जमीन मिळाली. गाव सोडून गेलेल्यांना काय मिळालं, ते कुणी कोरून ठेवलं नाही.

याच लेखांत दिलेल्या जमिनीला सवलती आहेत. सरकारी माणसांनी त्यात शिरायचं नाही, त्रास द्यायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. आता उलटं वाचा. ज्या गावांना सवलत नव्हती, तिथे हे सगळं चालायचं.

आणि शहराचा पैसा गावाच्या जमिनीत शिरतो, हेही तेव्हाचंच. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात कल्याणचा एक व्यापारी कान्हेरीला लेणं देतो आणि त्याच्या खर्चासाठी मंगलठाण गावातलं शेत लावून देतो. मंगलठाण म्हणजे आजच्या बोरिवलीतलं मागाठाणे. कल्याणच्या व्यापाऱ्याची जमीन मागाठाण्याला! तुम्हाला ओळखीचं वाटत असेल.

रोम गेल्यावर

तिसऱ्या शतकात रोममध्ये गोंधळ माजला, जहाजं कमी झाली. तेर, पैठणसारख्या शहरांची भरभराट पुढे ओसरली. पण सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बाजारपेठांत 'कॅलियाना' सांगतो. हे आपलंच कल्याण असल्याचं मानतात. तिथून धातू, लाकूड आणि कापड जातं, आणि तिथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप आहे, असं तो लिहितो. तोवर इटलीतलं रोमन साम्राज्य संपून गेलं होतं. गिऱ्हाईक बदललं, कल्याणचं कापड चालूच राहिलं.

थोडक्यात, लांबच्या मोठ्या शहराची भूक आपल्याकडे पैसा आणते हे खरं. पण तो पैसा कारागिराच्या हातात, श्रेणीच्या भांडवलात आणि गावच्या धान्याच्या भावात उतरला तेवढाच टिकला. जो नुसता वाटेने गेला, तो वाट बदलली तेव्हा वाटेसोबत गेला.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : रोमची एवढी नाणी आली, तर ती आपल्याकडे कमी का सापडतात?

रोमन नाण्यांचे मोठे साठे दक्षिणेत, तामिळनाडू आणि आंध्रकडे जास्त सापडलेत. आपल्या बाजूला क्षत्रपांचं स्वतःचं चांदीचं नाणं चालत होतं. पेरिप्लस सांगतं, की भडोचला रोमन सोनं-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली तर नफा होतो. म्हणजे ती बदलली जात होती, आणि बरीचशी वितळवून स्थानिक नाण्यांत गेली असावीत, असा तर्क आहे.

प्रश्न : कल्याणला किंवा घाटावर रोमन लोक राहायचे का?

कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब देणाऱ्यांमध्ये स्वतःला 'यवन' म्हणवणारे आहेत, धेनुकाकट या गावचे. यवन म्हणजे मूळ ग्रीक, पुढे पश्चिमेकडचे परके. पण त्यांची नावं बघा, सिंहध्वज वगैरे. नावं आपली, दान बौद्ध लेण्याला. पाहुणे म्हणून आले असतील, पण राहिले ते इथले होऊन.

प्रश्न : मग आज आमच्या भागात गोदामं वाढताहेत, हे चांगलं की वाईट?

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी एवढंच सांगेन, की गोदामं मोजू नका. तीन गोष्टी विचारा. इथल्या किती मुलांच्या हाताला असं काम मिळालं जे उद्या दुसरीकडेही चालेल? इथल्या लहान धंदेवाल्याला वाजवी व्याजाने भांडवल मिळतं का? आणि ज्याची जमीन गेली, त्याचं नाव कुठल्या फलकावर आहे? गोवर्धनच्या विणकरांच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दगडात कोरलेली सापडतात. तिसऱ्याचं उत्तर तेव्हाही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. निदान तेवढं तरी आपण लिहून ठेवूया.